व्हिस्कीचे चॉकलेट आणि उसना वारसा

रात्रीच्या जेवणानंतर व्हिस्कीच्या स्वादाचे चॉकलेट आणि सोबत व्हिस्कीचा पेला, हा म्हणे युरोपीय अभिरुचीचा कळस; पेयासोबत काय खावे याचा विचार आपल्याकडे कधी झालाच नाही. असे कोणी लिहिले की दुसरा पक्ष उसळून उठतो: आपले पूर्वज मद्याला शिवतच नव्हते! दोन्ही विधाने खोटी आहेत.

मद्यासोबत तोंडी लावायच्या पदार्थाला संस्कृतात ‘उपदंश’ असा स्वतंत्र शब्द आहे. आपला चखणाच तो. वात्स्यायनाच्या कामसूत्रात पानगोष्ठीचे उपदंश येतात ते खारट, कडू, तिखट, आंबट. फळे आणि हिरव्या भाज्याही येतात. मिठाई त्या यादीत नाही. का नसावी? कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील मैरेयाची कृती पाहा: गूळ, पिंपळी, मिरी. गोडवा पेयातच होता, म्हणून जिभेला विरुद्ध रस हवा होता, असा माझा तर्क आहे. पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात मदिरापानाची क्रीडा आहे आणि तांबूलाच्या भोगाचे वेगळे प्रकरणही आहे. मद्याला शिवत नव्हते म्हणणाऱ्यांनी तो ग्रंथ एकदा चाळावा.

आता पेल्यातील व्हिस्कीकडे वळू. त्यासाठी स्कॉटलंड कशाला, वेळापूर पुरे. अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन मंदिरासाठी इतिहासप्रेमी तेथे जातात, ज्ञानोबांची पालखी तेथे मुक्काम करते. परंतु माळशिरस तालुक्याचा अर्वाचीन इतिहास उसाच्या फडात आहे. नीरा उजव्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला. १९३० च्या दशकात सासवडच्या माळी बागायतदारांनी माळीनगरला साखर कारखाना उभारला. १९३४ मध्ये चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटची स्थापना केली, तिचा कारखाना याच तालुक्यातील श्रीपूरचा.

साखर काढल्यावर उरते ती मळी. ती आंबवून, ऊर्ध्वपातन करून मद्यार्क मिळतो. त्यात थोडा माल्टचा अर्क किंवा नुसता स्वाद आणि रंगासाठी जळकी साखर मिसळली की झाली व्हिस्की! भारतातील स्वस्त व्हिस्की अनेक दशके मुख्यतः अशीच बनली. युरोपीय संघाच्या नियमांत व्हिस्की धान्याचीच असावी लागते. मळीची बाटली तेथे त्या नावाने विकता येत नाही. (बंगळूरच्या ‘अमृत’ने २००४ मध्ये जवाचे सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेले, हा सन्माननीय अपवाद.)

म्हणजे ज्या थाळीला आपण युरोपचा वारसा म्हणतो, तिच्यातील चॉकलेटची साखर उसाची आणि पेलाही बहुधा उसाचाच. स्कॉटलंडचे नाव घेतले की कालवा दिसेनासा होतो, आणि बीडहून कोयता घेऊन येणारा ऊसतोड मजूरही. महाराष्ट्रात मद्य पिण्यासाठी १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आजही परवाना लागतो, हे तर अभिरुचीचे प्रवचनकार कधीच सांगत नाहीत.

राहिला चवीचा प्रश्न. व्हिस्कीच्या चॉकलेटवर पुन्हा व्हिस्की, ही नुसती पुनरुक्ती. उपदंशाचे तत्त्व विरोधाचे आहे. त्या गोडाला बिनसाखरेची काळी कॉफी शोभते. आणि सोमेश्वराला विचाराल, तर तो विडा पुढे करील.