लाइफटाइम वॉरंटी: पण लाइफ कुणाची?

धंद्यासाठी गाडी घेताय? शोरूममध्ये ‘लाइफटाइम वॉरंटी’ ऐकलं की लगेच भुलू नका. आधी विचारा, लाइफ कुणाची?

2025 मध्ये टाटाने नेक्सॉन ईव्हीच्या 45 किलोवॅट-अवर बॅटरीला लाइफटाइम वॉरंटी दिली. तिथे लाइफटाइम म्हणजे पहिल्या नोंदणीपासून 15 वर्षं, तीही पहिल्या मालकालाच. महिंद्राच्या बीई 6 ला तर खासगी नोंदणीचीही अट आहे. बॅटरी हा सर्वात महाग भाग, म्हणून ही वॉरंटी चांगलीच. पण गाडी फर्मच्या नावावर किंवा टूरिस्ट परमिटवर घेणार असाल, तर आधी लेखी उत्तर घ्या.

डीलर वेगळे पैसे घेऊन देतो त्या वॉरंटीचं गणित वेगळं. नाशिक-सिन्नर-इगतपुरी करत गाडी रोज 100 किलोमीटर पळाली, तर 300 दिवसांत 30,000 होतात. म्हणजे ‘5 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर’ची वॉरंटी साडेतीन वर्षांच्या आतच संपली! शिवाय टायर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट अशा झिजणाऱ्या वस्तू सहसा त्यात नसतातच.

माझं मत सांगतो: रनिंग जास्त असेल तर तेच पैसे दरमहा मेंटेनन्स खात्यात टाका. रनिंग कमी आणि गाडी बरीच वर्षं ठेवायची असेल, तरच घ्या. आणि सही करण्याआधी बुकलेटमधल्या अटी वाचा.