झाकण लावलं का?



आमच्या वारंगा फाट्यावर नांदेड–हिंगोली आणि नागपूर–तुळजापूर हे दोन महामार्ग भेटतात. रात्रंदिवस ट्रक आणि ट्रॅव्हल्स चालू असतात. एखादं लेकरू रस्त्याकडे दोन पावलं गेलं, तरी हॉटेलात खिचडी खात बसलेला परका माणूससुद्धा ताट बाजूला सारून ओरडतो. रस्त्याची भीती सगळ्यांना आहे, म्हणून तिथे आपण मुलाचा हात सोडत नाही. उंबऱ्याच्या आत आलो की मात्र म्हणतो, "आता घरातच आहे, खेळू दे."

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिलमधला रमजान होता. नळाला चार दिवसांनी पाणी आलं होतं, म्हणून न्हाणीतले ड्रम, टप, बादल्या सगळं भरून ठेवलं होतं. इफ्तारची घाई चालली होती आणि स्वयंपाकघरात आम्ही पाच जणी होतो. माझ्या जावेची दीड वर्षांची मुलगी दादीजवळ आहे असं मला वाटत होतं. दादींना वाटलं, ती आईजवळ आहे. माझा मोठा मुलगा वुजूसाठी न्हाणीत गेला आणि किंचाळला. पोरगी डोकं खाली, पाय वर अशी बादलीत होती. अल्लाहचं करम, ती त्याच क्षणी पडली असावी. बाहेर काढताच खोकली आणि रडायला लागली. आम्ही दहा पावलांवर होतो, पण कुणालाच काही ऐकू आलं नाही.

नंतर आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी कारण सांगितलं. या वयात मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. ते वाकलं की तोल पुढे जातो आणि स्वतःला मागे ढकलण्याइतकं बळ हातात नसतं. तोंड पाण्यात गेल्यावर ओरडताही येत नाही. त्यासाठी विहीर लागत नाही, वीतभर पाणीही पुरतं.

शेतातही तेच. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, थोरांदळे गावी, मजुराचा सहा वर्षांचा मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला. एनडीआरएफच्या जवानांनी गावकऱ्यांच्या मदतीने शेजारी खोदून काही तासांनी त्याला जिवंत बाहेर काढलं. दर वेळी असं घडत नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगून ठेवलं आहे, की बोअरच्या तोंडाला लोखंडी झाकण वेल्डिंगने किंवा नटबोल्टने पक्कं बसवावं आणि बंद पडलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती-दगडांनी बुजवावा.

हे मी वर्गात सांगितलं आणि गृहपाठ दिला: घरात आणि शेतात काय काय उघडं आहे, ते मोजून या. दुसऱ्या दिवशी चौथीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "टीचर, आमचा बंद बोअर पोत्याने झाकलाय." मी तिच्या अब्बांना बोलावलं. ते म्हणाले, "पोतं आहे ना मॅडम." मी म्हटलं, "भाईजान, उघडा खड्डा तरी लेकराला दिसतो. पोत्याखालचा दिसतच नाही." आठ दिवसांत त्यांनी लोखंडी झाकण बसवून घेतलं.

रात्र पडू लागली की मुलांना घरात घ्या, भांडी झाका, दिवे विझवा, अशी प्रेषित (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. भांडी झाकण्याचं काम आपण अन्नापुरतंच ठेवलं. पाण्याचा ड्रम आणि बादलीही भांडीच आहेत.

तर भगिनींनो, एवढं करा. बादली-टप वापर झाला की पालथे घाला. पाणी साठवावंच लागत असेल तर घट्ट झाकणाचा ड्रम घ्या आणि न्हाणीला वरची कडी लावा. फवारणीचं औषध किंवा रॉकेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. मुलाच्या पोटात ते गेलंच, तर उलटी करवू नका. ती बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा. गरम शीरखुर्म्याचं पातेलं जमिनीवर ठेवू नका. भाजलं तर हळद किंवा टूथपेस्ट न लावता त्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. बुडालेल्या मुलाला उलटं टांगून पाणी काढायच्या नादी लागू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. श्वास कसा द्यायचा, हे आरोग्य केंद्रात आधीच विचारून घ्या.

आणि घर माणसांनी भरलेलं असेल तेव्हा जास्त जपा. ईद असो, दावत असो की लग्न, सगळ्यांच्या नजरेत असलेलं मूल बहुतेक वेळा कुणाच्याच नजरेत नसतं. आमच्याकडे आता नाव घेऊन सांगायची पद्धत पडली आहे: "भाभी, अर्धा तास मुन्नी तुमच्याकडे." भाभींनी "हो, माझ्याकडे" म्हटल्याशिवाय मी हलत नाही. सुरुवातीला घरचे हसले. आता दादीच आधी विचारतात, "मुन्नी कुणाकडे आहे?"

हे पान वाचून झालं की उठून एकदा न्हाणीत बघून या. बादली भरलेली असेल तर ती आधी झाका, मग पुढचं पान उलटा.