ओळख दोन्हीकडून हवी

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटातल्या आम्ही तिघी रेवदंड्याहून अलिबागला लग्नाच्या खरेदीला गेलो होतो. साड्या निवडून झाल्या, काउंटरवर पैसे पुढे केले, तर तिथली मुलगी म्हणाली, "काकू, मोबाईल नंबर सांगा." मी म्हटलं, "अगं, रोख पैसे देतेय, नंबर कशाला?" तर म्हणे, "त्याशिवाय बिलच निघत नाही." मागे रांग वाढत होती. शेवटी बरोबरच्या वहिनींनी आपला नंबर सांगून टाकला. आता त्यांना सकाळ-संध्याकाळ सेलचे मेसेज येतात.

बाहेर पडताना दारावरच्या कॅमेऱ्याकडे बघून वहिनी म्हणाल्या, "नंबर निदान विचारून तरी घेतला. हा तर न विचारताच फोटो काढतोय!" आम्ही हसलो, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

साधा सीसीटीव्ही नुसतं चित्रण करतो. चोरी झाली तर मागचं बघता येतं. पण आता कॅमेऱ्याला चेहरा ओळखणारा संगणक जोडता येतो. दोन डोळ्यांमधलं अंतर, नाकाची, जबड्याची ठेवण यांचे तो आकडे करून ठेवतो आणि पुढच्या वेळी आत आलेल्या माणसाशी ताडून बघतो. चोर ओळखता येतो, तसंच कोणतं गिऱ्हाईक किती वेळा आलं आणि कशापुढे रेंगाळलं हेही कळतं. दारावरचा कॅमेरा यातला कोणता, हे बाहेरून बघून आपल्याला सांगता येत नाही.

आणि संगणक चुकला तर? अमेरिकेत 'राइट एड' नावाच्या औषधांच्या दुकानांनी २०१२ ते २०२० या काळात असे कॅमेरे वापरले. संगणकाने चुकीची ओळख पटवली आणि निरपराध गिऱ्हाइकांना चोर समजून अडवलं गेलं. एका अकरा वर्षांच्या मुलीचीही झडती झाली. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारी आयोगाने त्या कंपनीला पाच वर्षं हे तंत्र वापरायला बंदी केली. चार लोकांत अशी झडती झाली, तर आपल्याकडच्या मुलीला गावात तोंड दाखवणं कठीण होईल.

चेहरा दाखवून वस्तू घ्यायची सवय आपल्याला दुकानाआधी अंगणवाडीत लागते आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना घरी न्यायचा पोषण आहार घेताना चेहरा ताडून घेण्याचा नियम १ जुलै २०२५ पासून लागू झाला. योग्य बाईलाच आहार मिळावा हा हेतू चांगलाच आहे. पण नेटवर्क गेलं, चेहरा जुळला नाही, तर हेलपाटा तिलाच. तरी तिथे समोर अंगणवाडीताई असते, कशासाठी ते सांगते. दुकानात कोण सांगणार?

कोणी म्हणेल, आपला गावचा वाणीसुद्धा सगळ्यांना ओळखतो. कोणाच्या घरी पाहुणे आलेत, कोणाची लेक बाळंतपणाला आलीय, सगळं त्याला ठाऊक. खरं आहे. पण आपणही त्याला ओळखतो. त्याची उधारीची वही उघडून बघता येते, चूक असेल तर तिथल्या तिथे भांडता येतं. संगणकाची वही मात्र आपल्याला दिसत नाही. शिवाय फोन नंबर बदलता येतो, चेहरा कसा बदलणार?

कायदा आपल्या बाजूने आहे. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना बजावलं, की नंबर दिल्याशिवाय माल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. विश्वासाने दिलेली माहिती कायद्याबाहेर जाऊन दुसऱ्याला देणं हेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा वेगळा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मात्र मुख्य तरतुदींना दीड वर्षाची मुदत आहे. माहिती कशासाठी घेतो हे सांगून संमती घ्यायची, आणि ती सूचना मराठीतही मागता येईल, असं त्यात आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, विचारायला लाजू नका. नंबर कशाला? हा कॅमेरा चेहरा ओळखतो का? माहिती किती दिवस ठेवता? काउंटरवरची मुलगी आपल्यातलीच कोणाची तरी लेक असते, तिच्यावर चिडू नका, मालकाला बोलवा. अडवणूक झालीच तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

परवा एक साडी बदलायला मी त्याच दुकानात गेले. फरकाचे पैसे दिले. पुन्हा तोच प्रश्न. मी हसून म्हटलं, "नंबर नाही देणार गं." तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं, कसलंसं बटण दाबलं आणि बिल निघालं!