पावसात निघण्याआधी अंगणात परीक्षा घ्या!

पावसाळा लागला की आपल्याकडची पोरं सायकलला बॅगा बांधून आंबोलीकडे निघतात. निघावंच. पण एक विनंती आहे, मित्रांनो.

'वॉटरप्रूफ' या शिक्क्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. गेल्या श्रावणात मी ठेवला. घाट चढून वर पोचलो, बॅग उघडली, तर आतले कपडे पिळून काढावे लागले! कापड चांगलं होतं, पाणी शिलाईतून शिरलं. रात्रभर कुडकुडलो. आणि थंडीनं बोटं आखडली की उतारावर ब्रेकही धड दाबता येत नाही. म्हणजे ही नुसती गैरसोय नाही.

तेव्हापासून आमची परीक्षा साधी. बॅगेत रद्दी पेपर भरायचे, तोंड तीन घड्या घालून बंद करायचं आणि दहा मिनिटं पाइपचं पाणी मारायचं. पेपर ओला, तर बॅग नापास! मग आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला. रेनकोट घालून गावातलाच एखादा चढ चढा, घामानं आतून किती भिजता ते कळेल. रिमवर रबर घासणारे ब्रेक पावसात उशिरा लागतात, तेही छोट्या उतारावर बघून ठेवा.

कडेचे पुसलेले पांढरे पट्टे आणि पाण्याखाली झाकलेले खड्डे, याचा जाब बांधकाम खात्याला विचारूच. पण धुक्यात एसटीच्या ड्रायव्हरला काळा रेनकोट दिसत नाही. मागचा लाल दिवा लावणं तरी आपल्या हातात आहे ना?

हजारोंचं सामान घेणाऱ्याला दोन बादल्या पाणी महाग पडू नये.