घागरीतला आवाज

“ह्याला संगीत म्हणायचे?” वसतिगृहात माझ्या मैत्रिणीने विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. ते आता सवडीने देते.

गाणे इंग्रजी, १९६६ सालचे. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराच्या ‘थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स’ या चमूचे ‘यू आर गॉना मिस मी’. जेमतेम अडीच मिनिटांचे. ते लिहिणारा व गाणारा रॉकी एरिक्सन तेव्हा अवघा अठरा वर्षांचा होता. गातो म्हणण्यापेक्षा तो ओरडतोच. दुरावलेल्या मुलीला दिलेली तंबी, एवढाच विषय. पण मागे सतत काहीतरी बुडबुडत, घुमत असते. टॉमी हॉल नावाचा साथीदार जग तोंडाशी धरून, मायक्रोफोन लावून त्यात आवाज काढतो आहे!

तो आवाज ऐकला आणि मी उठून बसले. आई ज्या घरी धुणीभांडी करी, तिथे नवरात्रात अष्टमीला महालक्ष्मीपुढे बायका घागर फुंकत. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत असे. घागर हातात कधी मिळाली नाही, मागायचा धीरही झाला नाही. घरी येऊन कळशीत फुंकले, तर पाणी उष्टे केले म्हणून धपाटा मिळाला.

संगीत कळायला घरात तानपुरा असावा लागतो, असे मला कॉलेजात आल्यावरही वाटत होते. या गाण्याने ती भीती घालवली. रिकामे भांडे आणि दम, एवढ्यावर भागते.

आमचे एक सर म्हणतात, हे नशेबाजांचे संगीत. खोटे नाही. हॉल तर नशेचा प्रचारकच होता. एरिक्सनला १९६९ मध्ये गांजा बाळगल्याबद्दल अटक झाली. तुरुंग टाळण्यासाठी त्याने वेडेपणाचा बचाव केला, आणि १९७२ पर्यंत मनोरुग्णालयात अडकला. तिथे विजेचे झटकेही सोसले. त्यामुळे नशेचे कौतुक मला मुळीच नाही. पण सर, हे गाणे त्याने हॉलची साथ मिळण्याआधीच लिहिले होते! १९६५ मध्ये ‘स्पेड्स’ या आधीच्या चमूबरोबर त्याने ते गायलेही. ते मी मुद्दाम ऐकले. गाणे तेच, घागर नाही. आणि खरे सांगते, मी उठून बसले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आईला ऐकवले. ती म्हणाली, “घागर बरी फुंकतोय गं. पण तो दुसरा एवढा का बोंबलतोय?”