उंबऱ्यावरची अक्षरे

मराठीने चाळीस वर्षांच्या वयाला आणि त्या वयात नाकावर येऊन बसणाऱ्या चष्म्याला ‘चाळिशी’ हे एकच नाव दिले आहे. नाव एक असले, तरी स्वीकाराची तऱ्हा निराळी. वय आपण निमूटपणे मान्य करतो. चष्मा मात्र शक्य तितके दिवस खिशातच राहतो. आम्हीही त्यास अपवाद नव्हतो, आणि त्याचे प्रायश्चित्त आम्हांस यंदा शाळेच्या कचेरीत, एका संगणकापुढे घ्यावे लागले.

बेळगाव जिल्ह्यातील आमच्या शाळेस माजी विद्यार्थ्यांनी एक नवा लॅपटॉप भेट दिला. त्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालून दिली होती. जुने यंत्र अवजड, पण अक्षरे ठसठशीत. नव्या यंत्राचे चित्र आरशासारखे स्वच्छ. अक्षरे मात्र मोहरीएवढी.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी आहेत. सारी शाळा त्यांना अण्णा म्हणते. निवृत्तीस काही महिने उरलेले. फळ्यावर पहिली ओळ लिहून झाली, की मागे वळून ते विचारणारच, “शेवटच्या बाकावर दिसतंय का रे?” अशा या अण्णांना नव्या यंत्राने दारातच अडवले. परवलीचा शब्द टंकावा, आणि यंत्राने नकार द्यावा. पुन्हा टंकावा, पुन्हा नकार. चार दिवसांनी आमच्या कानी आले, की अण्णांनी आपला परवलीचा शब्द नववीच्या एका मुलास सांगून टाकला आहे आणि तोच त्यांना यंत्र उघडून देतो. त्याच यंत्रात मुलांच्या गुणांच्या याद्या होत्या. आम्ही अण्णांना खोलीत बोलावून चार शब्द सुनावले. ते एवढेच म्हणाले, “सर, चुकलं माझं.” दिसत नाही, असे ते म्हणाले नाहीत, आणि आम्हीही विचारले नाही.

पुढच्याच आठवड्यात आम्हांसही तसाच नकार मिळाला. आम्ही तीनदा टंकले, चौथ्यांदा चिडून टंकले. शेवटी नाइलाजाने खिशातली चाळिशी काढली आणि वाकून पाहिले. परवलीच्या चौकटीखाली बारीक अक्षरांत सूचना होती, की ‘कॅप्स लॉक’ चालू आहे. म्हणजे सारी अक्षरे मोठ्या लिपीत उमटत होती आणि परवलीच्या शब्दात ती ठिपक्यांआड दडत असल्याने कळत नव्हती. यंत्राने कारण सांगितले होते. ते आम्हांस वाचता आले नव्हते. अण्णांचेही तेच झाले असणार, हे त्या क्षणी ध्यानात आले आणि मान खाली गेली.

आमच्या शाळेतील एका तरुण शिक्षकाने मग याचा उलगडा केला. पडद्यावरील चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. आमच्या जुन्या १५ इंची पडद्यावर आडवे १०२४ ठिपके होते, म्हणजे एका इंचात सुमारे ८५. नवा पडदा १४ इंचांचा, पण आडवे ठिपके १९२०. म्हणजे इंचात सुमारे १५७. सोळा ठिपके उंचीचे अक्षर जुन्या पडद्यावर जवळजवळ पाच मिलिमीटर भरे. नव्यावर ते अडीच मिलिमीटरांच्या थोडे वर. ठिपके तेवढेच, जागा मात्र निम्मी. त्यातून आपली देवनागरी म्हणजे मजल्यांचे घर : वर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार. अक्षर बारीक झाले, की ‘मांडी’ची ‘माडी’ होण्यास वेळ लागत नाही.

आम्ही पहिला उपाय केला तो चुकीचा. रेझोल्यूशन उतरवून आडवे ठिपके १२८० केले. अक्षरे मोठी झाली, पण पावसात भिजलेल्या पत्रासारखी फुगली. पडद्याचे खरे ठिपके कारखान्यात ठरलेले असतात. चित्राचा एक ठिपका दीड ठिपक्यांवर पसरावा लागला, की कडा पुसट होणारच. तेव्हा रेझोल्यूशन पडद्याचे मूळचे तेच ठेवावे आणि अक्षरांचा आकार, अथवा साऱ्या चित्राचे प्रमाण, वाढवावे. तसे करताच अक्षरे मोठीही झाली आणि रेखीवही.

आम्ही निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी यंत्र उघडले, तो उंबऱ्यावर पुन्हा तीच मोहरी! याचेही कारण होते. केलेला बदल आपल्या खात्यात साठवला जातो आणि ते खाते उघडते परवलीचा शब्द जुळल्यावर. तोवर दारात कोण उभे आहे, हे यंत्रास ठाऊकच नसते. प्रवेशाचा तो पडदा प्रणालीच्या एका स्वतंत्र खात्यावर चालतो; आपल्या घरातली सजावट तिथे पोहोचत नाही.

उपाय मात्र त्या दारातच होता. पडद्याच्या कोपऱ्यात हात पसरलेल्या माणसाची एक चिमुकली आकृती असते. ती दाबली, की ‘मोठी अक्षरे’ हा पर्याय मिळतो आणि अक्षरे सव्वापट होतात. विंडोज प्रणालीच्या प्रवेशपडद्यावरही खाली उजव्या कोपऱ्यात अशीच खूण असते. तिथे भिंगाची सोय मिळते आणि हे भिंग प्रवेशापूर्वीच सर्वांसाठी सुरू राहावे, अशी योजनाही आतून करून ठेवता येते. याहून अधिक बदल करावयाचा असेल, तर यंत्राच्या व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. तो जाणत्याकडून करून घ्यावा.

आम्ही अण्णांना पुन्हा खोलीत बोलावले. या वेळी खुर्ची पुढे करून. झाला प्रकार सांगितला, क्षमा मागितली आणि नवा परवलीचा शब्द त्यांच्याच हातून घालवून घेतला. अण्णा हसले. म्हणाले, “सर, मला वाटलं, आता आपलंच काही जमत नाही.”

वाचकहो, आपल्यांतील कितीतरी घरांत मुले-नातवंडे दूरगावी आहेत आणि त्यांची छायाचित्रे, पत्रे अशाच एखाद्या यंत्रात आहेत. सुटीत घरी आलेला नातू आजोबांच्या यंत्रातली अक्षरे मोठी करून देतो आणि निघून जातो. त्यास एवढेच सांगावे, की बाळ, जाण्यापूर्वी यंत्र एकदा बंद करून आजोबांनाच उघडू दे, आणि आमच्या अण्णांचा प्रश्न त्या उंबऱ्यावरच विचार : शेवटच्या बाकावर दिसतंय का?