एकादशीच्या ताटातला मुलूख

एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण मराठी घरात कोणाला झोंबत नाही, कारण ती खोटी नाही. आषाढीला सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, सोबत बटाट्याची भाजी, रताळ्याचे गोड काप, मधल्या वेळेला राजगिऱ्याचा लाडू. चहाला तर आजवर कोणत्याही व्रताने अडवलेले नाही. एरवी पोळीभाजी पुढ्यात आली की माणूस एका हाताने मोबाइल चाळत जेवतो. उपासाच्या दिवशी मात्र तो ताटाकडे बघतो. खिचडी मोकळी झाली की गोळा झाला, कूट जाडसर आहे की पार पीठ केले आहे, यावर मत देतो. कोथिंबीर चालते की नाही हा वाद त्या दिवशी घराघरात नव्याने निघतो आणि पुन्हा तसाच राहतो.

इतक्या बारकाईने बघितल्या जाणाऱ्या या ताटाला एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हे सगळे आले कुठून?

साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. शेंगदाणा बोलिव्हिया आणि अर्जेंटिना भेटतात त्या भागातला. बटाटा पेरूच्या डोंगरांतला, टिटिकाका सरोवराच्या आसपासचा. मिरची मेक्सिकोची, राजगिराही तिकडचाच. रताळेसुद्धा अमेरिकेचेच. फोडणीतले जिरे पश्चिम आशियाकडचे. वरई, शिंगाडा, तूप, दही आणि केळे सोडले तर ताटात घरचे असे फारसे उरत नाही. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली आणि कोलंबसाची जहाजे अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली १२ ऑक्टोबर १४९२ रोजी. म्हणजे पंढरीची वाट जुनी आहे, त्या वाटेवरची खिचडी नवी आहे. शाळेत ही तारीख एका मार्कासाठी पाठ करून घेतात. डब्यातल्या उपासाच्या खिचडीचा रस्ता त्या तारखेतून जातो, हे सांगायचे मात्र राहून जाते.

ही माहिती हाती आली की काही जणांना ती भाविकांच्या तोंडावर फेकायची हौस येते. ‘तुमचा उपास तर परदेशी!’ असे म्हणून ते स्वतःवर खूश होतात. हे स्वस्तातले शहाणपण आहे. उपासाला धान्य वर्ज्य, कंदमुळे-फळे चालतात, एवढा नियम हाताशी होता. समुद्रापलीकडून नवे कंद आणि नव्या शेंगा आल्या, तेव्हा कोणीतरी त्या हातात घेऊन बघितल्या, शिजवल्या, चाखल्या आणि ‘हे धान्य नव्हे, चालेल’ असा निवाडा दिला. हा निवाडा कोणत्या पीठात झाला याची कुठे नोंद नाही. तो स्वयंपाकघरात झाला असणार, आणि देणाऱ्या बहुतेक बायकाच असणार. अनोळखी वस्तूला देवापुढच्या ताटात जागा करून देणे, हे काही लहान मनाचे काम नव्हे.

साबुदाण्याची कथा तर दुहेरी आहे. मूळ साबुदाणा कंदाचा नव्हताच. आग्नेय आशियातल्या एका ताडजातीच्या झाडाच्या खोडात पिठूळ गर असतो. तो धुऊन काढला की खळ मिळते आणि तिचे दाणे करतात. मार्को पोलोला सुमात्रात या झाडाच्या पिठाचे मोठे नवल वाटले होते. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस मोलुक्का बेटांवर फिरला, तेव्हा त्याने याचा हिशेबच मांडला: दहा दिवसांच्या मेहनतीत एका माणसाचे वर्षभराचे अन्न निघते. १८६९ साली आलेल्या त्याच्या प्रवासग्रंथात हे वाचायला मिळते. हा साबुदाणा मलायाकडून भारतात येत असे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२च्या फेब्रुवारीत सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले आणि तो रस्ता बंद झाला.

मग तमिळनाडूतल्या सेलमने मान वर काढली. शेजारच्या केरळात कसावा आधीच रुजला होता. त्रावणकोरचे महाराजे विशाखम तिरुनाळ यांना वनस्पतिशास्त्राची गोडी होती. तांदूळ कमी पडला तर रयतेचे पोट कशाने भरायचे, या विचाराने त्यांनी या कंदाच्या लागवडीचा पाठपुरावा केला. लोकांना तो विषारी वाटे, आणि ती भीती खुळी नव्हती. कच्च्या कसाव्यात सायनाइड तयार होऊ शकते. अ‍ॅमेझॉनमधल्या आदिवासींनी हजारो वर्षांपूर्वी त्यावर तोड काढली होती: कंद किसायचा, वेताच्या लांबट पिशवीत भरून पिळायचा, मग भाजायचा. ज्या कोणी हे पहिल्यांदा जमवले, त्यांच्या आधी किती जणांनी पोट धरले असेल कोण जाणे.

सेलममध्ये १९४३च्या सुमारास कसाव्याच्या खळीपासून साबुदाणा करायला सुरुवात झाली. कंद सोलून चेचायचे, दुधासारखे पाणी टाक्यांत निवळू द्यायचे, तळाशी बसलेली ओली खळ फोडून हलवत हलवत तिचे दाणे करायचे, चाळायचे, तापल्या तव्यावर शेकायचे आणि अंगणभर उन्हात पसरायचे. दरवर्षी चातुर्मास लागला की ‘साबुदाणा कसा बनतो बघा’ असे किळसवाणे निरोप मोबाइलवर फिरू लागतात. ते पुढे ढकलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी सेलम नकाशावर शोधलेले असते. तिथल्या उत्पादकांची सहकारी संस्था १९८१पासून आहे, आणि २०२३ साली सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. गंमत अशी की केरळात हाच कंद उकडून मासळीच्या रश्शाबरोबर खातात. एकाच कुळातला एक भाऊ मासळीच्या पंगतीला बसतो, दुसरा एकादशी पाळतो.

शेंगदाण्याकडे वळावे, तर त्याचा जन्मच एका योगायोगाचा. दोन रानटी जातींचा संकर होऊन तो झाला, आणि त्यातली एक जात शास्त्रज्ञांना दक्षिण बोलिव्हियात एकाच ठिकाणी सापडली. जगभरचे कूट, चिक्क्या, चटण्या आणि घाण्याचे तेल त्या एका गाठीतून निघालेले आहे. त्याची वाढही तऱ्हेवाईक. फूल जमिनीवर, शेंग जमिनीत. फुलाचे फलन झाले की आरी खाली वळते आणि मातीत शिरते. आऱ्या सुटायच्या वेळी आपल्याकडचे शेतकरी पिकावरून रिकामा ड्रम फिरवतात, म्हणजे त्यांना माती गाठणे सोपे जाते. हे दृश्य ज्याने बघितले आहे त्याला दाण्याची आमटी वेगळी लागते, असा दावा करायला हरकत नाही.

पेरूच्या उत्तर भागात सिपान नावाच्या गावाजवळ १९८७ साली वॉल्टर आल्वा या पुरातत्त्वज्ञाने प्राचीन मोचे संस्कृतीतल्या एका राजाची कबर उघडली. लुटारूंनी परिसर आधीच उकरायला घेतला होता, त्यामुळे उत्खनन पहाऱ्यात चालले. सुमारे सतराशे वर्षांपूर्वीच्या त्या राजाच्या गळ्यात भुईमुगाच्या शेंगांची माळ होती. एका बाजूच्या शेंगा सोन्याच्या, दुसऱ्या बाजूच्या चांदीच्या, आणि आकाराने खऱ्या शेंगांपेक्षा कितीतरी मोठ्या. आपल्याकडे बोरांवरून बोरमाळ आली, तसेच हे. पण आपल्या सराफांना भुईमूग सुचला नाही. तो बिचारा खलबत्त्यातच राहिला.

बटाट्याचे मात्र सगळेच मोठे. अँडीज पर्वतात लोक तो सात-आठ हजार वर्षांपासून पिकवत आले आहेत. तिथल्या उंचावर रात्री पाणी गोठते आणि दिवसा ऊन भाजून काढते, याचा त्यांनी छान फायदा घेतला. बटाटे रात्री उघड्यावर पसरायचे, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढायचे, पुन्हा वाळवायचे. असे काही दिवस केले की खडखडीत, हलका ‘चुन्यो’ तयार होतो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. उन्हाळ्यात गच्चीवर बटाट्याचा कीस आणि साबुदाण्याच्या पापड्या घालणाऱ्या कोणालाही हे वाळवण पटकन कळेल. पण याच चुन्योवर स्पॅनिश राजवटीने पोटोसीच्या चांदीच्या खाणीत वेठबिगारांना राबवले. ताटाचे आभार मानायचे तर हिशेबाचे हे पानही उलटायला हवे. आफ्रिकेत पोर्तुगीजांनी नेलेला कसावासुद्धा गुलामांच्या जहाजांची शिदोरी झाला होता.

बटाटा युरोपात गेला आणि आयर्लंडमधल्या गरिबांनी त्याच्यावर सगळी भिस्त ठेवली. शेते लहान, खंड भारी, आणि लावलेली जातही बहुतेक एकच. १८४५ साली करपा आला. आपल्याकडच्या बटाटा उत्पादकालाही हा रोग आणि त्याची रात्रीत शेत काळे करण्याची रीत चांगली माहीत आहे. त्या काही वर्षांत आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. पीक रोगाने गेले खरे, पण मृत्यूंचा सगळा दोष बुरशीवर टाकता येत नाही. त्याच काळात त्या देशातून धान्य बाहेर जात होते.

या दुष्काळाची बातमी अमेरिकेतल्या चॉक्टॉ जमातीपर्यंत पोहोचली. या आदिवासींना सरकारने १८३०च्या दशकात त्यांच्या भूमीतून हुसकून शेकडो मैल चालायला लावले होते. वाटेत हजारो माणसे थंडीने, उपासाने आणि रोगाने गेली होती. उपास हा शब्द त्यांना आपल्या अर्थाने परवडणारा नव्हता. तरीही १८४७ साली त्यांनी आपसात वर्गणी काढली आणि कधी न बघितलेल्या आयरिश लोकांसाठी पाठवली. रक्कम आजच्या हिशेबात फार मोठी नसेल. पण आयरिश लोक ती विसरले नाहीत. कॉर्क परगण्यातल्या मिडल्टन गावी २०१७ साली पोलादी पिसांचे एक उंच शिल्प उभे राहिले. नऊ पिसे गोलात रोवलेली, अन्नाच्या वाडग्याचा आकार यावा अशी. २०२०मध्ये करोनाने नवाहो आणि होपी या आदिवासी जमातींना घेरले, तेव्हा आयर्लंडमधल्या सामान्य माणसांनी त्यांच्यासाठी पैशांचा ओघ लावला आणि सोबत लिहिले की हे त्या जुन्या उपकारापोटी आहे. मदत चॉक्टॉंनी केली होती, फेड नवाहो आणि होपींना मिळाली. उपकाराला असा पत्ता बदललेला चालतो.

मिरचीबद्दल थोडक्यात. पोर्तुगीजांनी १५१०मध्ये गोवा घेतले, त्यानंतर त्या शतकात ती त्यांच्या जहाजांतून इकडे आली. तोवर तिखटपणाचे काम मिरे करत. तिखट ही मुळात चव नाही, मिरची जाळते, हे खाणाऱ्याला ठाऊक असतेच. उष्णतेची जाणीव करून देणारी मज्जातंतूंवरची यंत्रणाच मिरचीला फसते, हे डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली दाखवले, आणि २०२१च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. पक्ष्यांना हा जाळ जाणवत नाही. सस्तन प्राणी बिया चावून टाकतात आणि पक्षी त्या अख्ख्या दूरवर नेऊन टाकतात, तेव्हा झाडाने नेमके गिऱ्हाईक निवडले आहे. जुन्या वाड्यांतल्या पिंजऱ्यात पोपट हिरवी मिरची मजेत खायचा, त्याचे कौतुक करणाऱ्यांना हे गुपित माहीत नव्हते. पोपटाला मात्र माहीत असायची गरजच नव्हती.

राजगिऱ्याची गोष्ट उलट टोकाची. अ‍ॅझ्टेक लोक त्याच्या पिठात मध घालून देवाच्या मूर्ती घडवत, पूजा करत आणि मग त्या मूर्तीचे तुकडे प्रसाद म्हणून वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना हे आपल्या चर्चमधल्या विधीचे विडंबन वाटले आणि त्यांनी ते दडपायचा प्रयत्न केला. तरी मेक्सिकोत लाह्या फोडून, मध किंवा काकवीत बांधून विकली जाणारी राजगिऱ्याची वडी आजही रस्तोरस्ती मिळते. तिचे नाव आलेग्रिया. पुण्यातल्या कोणाच्या हातावर ती ठेवली तर तो बिनदिक्कत ‘उपासाला चालते’ म्हणेल, आणि तिकडच्या जुन्या पुजाऱ्यालाही ते मान्य झाले असते.

सैंधवाचे तर आजचेच राजकारण आहे. उपासाला समुद्री मीठ न वापरणारी घरे जे गुलाबी खडे आणतात, त्यांचा मोठा भाग पाकिस्तानातल्या खेवडा खाणीतून यायचा. पुलवामाच्या हल्ल्यानंतर २०१९च्या फेब्रुवारीत भारताने तिथल्या मालावर दोनशे टक्के आयात शुल्क लावले आणि मे २०२५मध्ये आयातच बंद केली. दिल्लीतला आणि इस्लामाबादमधला ताण चिमूटभर मिठाच्या भावात उतरतो, हे वाण्याच्या दुकानात वर्तमानपत्रापेक्षा लवकर कळते.

हा सगळा माल एकाच दिशेने आला असेही नाही. पोर्तुगीजांनी परतीच्या वाटेवर भारतातला आंबा आधी पूर्व आफ्रिकेत आणि पुढे ब्राझीलला नेला. अ‍ॅमेझॉन जिथे समुद्राला मिळते त्या तोंडाशी बेलें हे शहर आहे. तिथे आंब्याची झाडे रस्त्याच्या दुतर्फा इतकी आहेत की ते आंब्याच्या झाडांचे शहर म्हणूनच ओळखले जाते. सकाळी तिथले लोक कसाव्याच्या खळीचे, तव्यावर भाजलेले पांढरे धिरडे खातात आणि कामाला निघतात. आंब्याच्या मोसमात मात्र गाडी लावताना आधी वर बघून घेतात, कारण पिकलेला आंबा काचेवर आदळला की तडा जातो.